आठ दिवसांच्या चालीवर

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात बाबांसाठी मनगटी घड्याळ आहे. बाबांना फोनवर धड ऐकू येत नाही आणि आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून सगळं लिहून काढतोय. कृपा करून शेवटपर्यंत वाच.

हे साधं घड्याळ नाही. दिवसात किती पावलं चाललं, किती झोप झाली, छातीचे ठोके कसे पडतायत, सगळं मोजतं. त्यात सिमकार्ड घालून दिलंय, त्यामुळे फोन जवळ नसला तरी इथे माझ्या फोनवर मला सगळं दिसत राहील. बाबांचं नाव, वय, वजन मी भरून ठेवलंय. ते कुठे आहेत हे दाखवायची सोय आहे, पण ती बंद ठेवलीय. तेवढी पाळत बाबांना आवडायची नाही. दोन दिवसांतून एकदा तासभर चार्जिंगला लावायचं, बाकी अंघोळीलाही काढायचं नाही.

आई गेली तेव्हा मला तिसऱ्या दिवशी पोचता आलं, हे माझ्या मनातून जात नाही. बाबांच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही मला. तू घरी आहेस, पण तू दिवसभर वाचनालयात. मग घरात त्यांना काय होतंय हे कळणार कुणाला?

आणखी एक. घड्याळ वापरणाऱ्यांना त्यातलं काय आवडलं आणि काय सुधारावंसं वाटतं, हे कंपनी विचारते. बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, त्यांच्याइतकं नेमकं कोण सांगणार? त्यांचं मत विचारून कळव.

बाबांना नमस्कार सांग. तुझा राग असला तरी लोभ त्याहून थोडा जास्त असावा, ही विनंती.

तुझा,
काट्या

•

दि. १५ जानेवारी

चि. काट्यास,
अ. उ. आ.

खोकं पोचलं. शेवटपर्यंत वाचलं. मी घरी नसते हे शोधून काढल्याबद्दल आभार. मी वाचनालयात जाते ती पुस्तकं उचलायला आणि मांडायला, हवा खायला नव्हे. आणि तू जगभरच्या इमारतींत लिफ्ट बसवत फिरतोस, आमचे तीन मजले मात्र पायांनीच चढायचे राहिले, हेही जाता जाता लिहून ठेवते.

बाबांनी घड्याळ पाहिल्याबरोबर भिंग शोधलं. मागचं झाकण उघडायला कुठे खाच नाही, हे कळल्यावर अर्धा तास ते उलटंसुलटं करून बघत बसले. मग ते कानाला लावलं. त्यातून काही ऐकू येत नाही म्हटल्यावर मला विचारलं की माझे कान गेले की ह्याचा जीव गेला. शेवटी घरच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी ते आठ दिवसांच्या चालीवर घातलं. तुला ठाऊकच आहे, त्याशिवाय ते कुठल्या घड्याळाची हमी घेत नाहीत.

त्यांचं मत विचारलंस ते लिहिते. वेळ बिनचूक दाखवतं, हे आवडलं. हात उचलला की उजळतं, तेही आवडलं, फक्त उन्हात काही दिसत नाही. ठरलेली पावलं झाली की ते रंगीत फटाके उडवून शाबासकी देतं, तो चावटपणा काढून टाकावा असं त्यांचं म्हणणं आहे. चार्जिंग संपलं की वेळसुद्धा सांगत नाही, आणि याला ते घड्याळच मानायला तयार नाहीत. बंद पडलेलं जुनं घड्याळ निदान कधी बंद पडलं ते तरी सांगायचं, असं म्हणाले.

बाकी ठीक. तब्येतीला जप. आमच्यावर पाळत ठेवताना अधूनमधून आठवणही ठेवत जा.

तुझी,
ताई

•

दि. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझा विश्वास बसत नाहीये. बाबा रोज सात-आठ हजार पावलं चालतायत. गेल्या शुक्रवारी नऊ हजार. तू इतकी वर्षं त्यांना फिरायला जा म्हणून सांगत होतीस आणि ते खुर्चीतून हलत नव्हते, आता एका घड्याळाने काम केलं. माणसाला कुणीतरी मोजतंय हे कळलं की तो सुधारतो, हे मी कामावर रोज बघतो.

झोपेचं मात्र मला अजिबात पसंत नाही. कसेबसे पाच तास, त्यातही तीनदा जाग. त्यांची खोली रस्त्याच्या बाजूची आहे, ती बदल. पलंग आतल्या खोलीत घे, तू बाहेर झोप. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला ठोके एकशेवीसच्या पुढे जातात, तेही रोज. तू कामावरून घरी येतेस ती हीच वेळ. रागावू नकोस, पण आल्या आल्या त्यांच्यावर ओरडतेस का? दमलेली असतेस हे मला समजतं. पण त्यांचं वय बघ.

मंगळवारी साडेतीन तास घड्याळ रिकामं दिसत होतं. माझा जीव टांगणीला लागला. वाचनालयात चार वेळा फोन केला तेव्हा कुठे तू उचललास आणि चार्जिंगला लावून विसरले म्हणालीस. असं पुन्हा करू नकोस. त्या साडेतीन तासांत माझं कामात लक्ष नव्हतं, काय काय मनात आलं ते तुला सांगता येणार नाही.

बाबांना सांग की त्यांचा मुलगा सकाळी उठल्यावर तोंड धुण्याआधी त्यांची झोप बघतो. त्यांच्यावर आहे तेवढाच लोभ तुझ्यावरही आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझा,
काट्या

•

दि. ९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गुडघ्यांचं वाचलं. शेक घे आणि पायऱ्या टाळ. मला सांगतेस तेच तुला सांगते.

मावशी, माझ्या हातून एक लबाडी चाललीय. ती तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही. काट्याने बाबांसाठी घड्याळ पाठवलं, ते माझ्या हातावर आहे.

बाबांचा नियम तुला आठवत असेल. दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी आठ दिवस कुणाच्या तरी हातावर चालवून बघायचं. खिळ्याला टांगलेलं घड्याळ बरोबर चालतं, हलत्या हातावर मागे पडतं, असं ते म्हणत. पुरुषांची घड्याळं ते स्वतः घालत आणि बायकांची माझ्या हातावर बांधत. शाळेत मुलींना वाटायचं मी फार श्रीमंत, दर आठवड्याला नवं घड्याळ. नवव्या दिवशी ते काढून पुसून पुडक्यात जायचं. काट्या दहावी झाला तेव्हा त्याला स्वतःचं मिळालं. मला काही मिळालं नाही, कारण माझा हात कधी रिकामा नव्हताच.

तर हेही आलं तसं, बांधा नाजूक, बायकी म्हणून बाबांनी माझ्या हातावर बांधलं. आठ दिवसांनी मी काढून त्यांच्यापुढे ठेवलं, तर झाकण उघडत नाही म्हणून तोंड वाकडं करून आणखी आठ दिवस राहू दे म्हणाले. नंतर ते विसरले, आणि मी आठवण केली नाही.

का केली नाही ते सांगते, हसू नकोस. काट्याची पत्रं येतात. पाचच तास झोप झाली म्हणून तो हळहळतो. ठोके का वाढले म्हणून कासावीस होतो. रस्त्याच्या बाजूची खोली बदल म्हणतो, आणि त्या खोलीत मी झोपते गं, बाबा कधीचे आतल्या खोलीत आहेत. त्याला हेही माहीत नाही. पण ते सोड. मी त्याची पत्रं दोनदा वाचते. पहिल्यांदा वाचते तेव्हा राग येतो, दुसऱ्यांदा बाबांचं नाव वगळून वाचते. चोपन्न वर्षांत माझी झोप झाली की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. आई विचारायची, पण आई सगळ्यांनाच विचारायची.

साडेसहाला ठोके वाढतात ते जिन्यामुळे. हल्ली दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. कुणी दिसलं तर पिशवी या हातातून त्या हातात घेतल्यासारखं करते. वजन वाढलंय, दुसरं काही नाही.

काट्याला यातलं कळवू नकोस. एवढा महिना जाऊ दे, मग मीच सांगेन. पत्र पाठव आणि मला ओरडायचं असेल तेही त्यातच ओरड.

तुझी,
भाची

•

दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

आज वि. वि. लिहायच्या मनःस्थितीत नाही. गेल्या नऊ दिवसांत घड्याळाने सहा वेळा इशारा दिलाय की ठोके अनियमित आहेत. सहा वेळा, ताई. मी इथे हजार मैलांवर बसून बघतोय आणि तू त्याच घरात असून तुला पत्ता नाही. विचारलं तर म्हणतेस बाबा मजेत आहेत, पेपर वाचतायत, जेवलेत. तुझं लक्ष असतं कुठे? बाप डोळ्यांसमोर झिजतोय आणि लेकीला दिसत नाही, हे मी कुणाला सांगू?

मी इथूनच तिथल्या हृदयरोगाच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. गुरुवारी अकरा वाजता, बाबांच्या नावाने. घड्याळातली सगळी नोंद त्यांना आधीच पाठवलीय. रजा मागून ठेवली आहे. साहेब कुरकुरला, त्याला स्पष्ट सांगितलं की नोकरी गेली तरी बेहत्तर, मी जाणार. दहा तारखेचं तिकीट हातात आहे. तोपर्यंत त्यांना जिना चढू देऊ नकोस, जड उचलू देऊ नकोस, कशावरून वाद घालू नकोस. पलीकडे बसून फक्त बघ त्यांच्याकडे. एवढं तरी कर.

फार लिहीत नाही. लोभाचं आपण भेटल्यावर बघू.

काट्या

•

दि. २८ फेब्रुवारी

चि. काट्यास,
अ. उ. आ.

गुरुवारी गेलो होतो. रिक्षाने गेलो, जिना बाबा हळूहळू उतरले, आणि ते कुठेही दमले नाहीत. वेळ त्यांच्या नावाची होती म्हणून ते आत गेले, मी बाहेर पिशवी घेऊन बसले. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले की एकोणऐंशीव्या वर्षी असं हृदय त्यांनी फार थोड्यांचं पाहिलंय. मग तू पाठवलेली नोंद समोर धरली आणि बाबांना म्हणाले, घड्याळ दाखवा. बाबांनी दाराकडे बोट केलं. ते माझ्या हातावर होतं.

होय काट्या, पहिल्या दिवसापासून. पंधरा जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबांनी घड्याळ आठ दिवसांच्या चालीवर घातलंय. बायकी बांध्याचं घड्याळ आपल्या घरात कुणाच्या हातावर चालायचं, हे तू विसरलास. मी आठवण करून द्यायला हवी होती, ती दिली नाही. ती माझी चूक, आणि ती मी मान खाली घालून कबूल करते. तुझ्या फोनवर जे दिसत होतं ते सगळं माझं होतं. नऊ हजार पावलं माझी, पाच तास झोप माझी. साडेसहाला मी कुणावर ओरडत नाही, तेव्हा मी जिना चढत असते. अनियमित ठोकेही माझेच.

डॉक्टरांनी मला तिथेच बसवून तपासलं. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. बऱ्याच दिवसांपासून असणार असं म्हणाले, आणि कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं विचारलं. बाबा जमिनीकडे बघत होते. ऑपरेशन करावं लागेल, त्यांनी वीस मार्च तारीख दिलीय, पुढे ढकलू नका म्हणाले.

तू चिडशील हे माहीत आहे, चिड. पण गेला दीड महिना तू ज्या माणसाची काळजी करत होतास ती मी होते, आणि ती काळजी मला फार बरी वाटली. खोटं बोलून घेतली म्हणून परत करायची झाली तर कशी करतात ते मला माहीत नाही.

दहाला येतोयस ना? तुझी खोली आवरून ठेवलीय. माझ्यावरचा लोभ आटला नसेल तर तो सोबत आण.

तुझी,
ताई

•

दि. ५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाबा ठणठणीत आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. रडलो, खरं सांगतो.

पण तू हे काय केलंस? दीड महिन्याची नोंद मी जपून ठेवत होतो, ती सगळी वाया गेली. साहेबांशी भांडलो, डॉक्टरांपुढे माझं हसं झालं, आणि बाबांची खरी तब्येत कशी आहे हे आजही मला माहीत नाही. आठ दिवसांच्या चालीचं म्हणशील तर, त्या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. एवढं कोण लक्षात ठेवतं?

तुझं वाचून वाईट वाटलं. जप स्वतःला. या वयात असं काही ना काही निघतंच, आणि झडपेचं ऑपरेशन हल्ली रोजचं झालंय, घाबरायचं कारण नाही. लगेच करायलाच हवं का, हे मात्र दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांना विचार. कारण तू पंधरा दिवस दवाखान्यात आणि नंतर महिना-दोन महिने पडून राहिलीस, तर बाबांचं कोण बघणार? त्यांची सोय आधी नीट लावून ठेव, म्हणजे तुझाही जीव निर्धास्त राहील.

बाबांना काही झालेलं नाही म्हटल्यावर दहाचं तिकीट रद्द केलं. रजा हातची राखलेली बरी, पुढे कधी गरज पडली तर. आणि आता तरी ते घड्याळ बाबांच्या हातावर बांध.

कळावे. लोभ आहेच.

तुझा,
काट्या

•

दि. २३ मार्च

चि. काट्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, लावून वाच.

घड्याळाच्या कंपनीला माझं मत हवं होतं. ताईने मागे लिहिलं ते गमतीचं होतं, आता खरं लिहितो. घड्याळ चांगलं आहे. त्याने तिचे ठोके चुकतायत हे अचूक सांगितलं, आणि ते काम माझं होतं. दुकानात आठ घड्याळं चालू असली तरी त्यातलं एखादं अडखळत चालतंय हे मला पाठमोरा असतानाही कळायचं. ही पोरगी सहा महिने दुसऱ्या मजल्यावर थांबत होती, मी दार उघडून कठड्यावरून बघत होतो, आणि पिशवी जड असेल असं समजून पुन्हा पेपर वाचत होतो. तुला बोलायचा मला काय अधिकार आहे हे मी जाणतो, तरी बोलणार आहे.

तुझं पाच तारखेचं पत्र तिने मला वाचून दाखवलं नाही. उशीखाली सापडलं, मी वाचलं. तुझ्या सांगण्याप्रमाणे तिने माझी सोय लावली. वाचनालयातल्या शिपायाच्या बायकोला माझ्या जेवणाचं सांगितलं, औषधांच्या पुड्या वारांप्रमाणे बांधल्या, आणि दवाखान्यात जाताना स्वतःची पिशवी भरायची विसरली.

घड्याळ मी घातलं नाही. ऑपरेशनच्या चार दिवस आधी दवाखान्यातल्या नर्सकडून त्यातलं नाव, वय, वजन बदलून घेतलं. तिचं नाव तुझ्या फोनवर लगेच दिसतं, असं नर्स म्हणाली. तारीख तुला कळवलेली होतीच. वीसला सकाळी आठ वाजता ताईच्या हातावरून घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. मी ते मुठीत धरून बाहेरच्या बाकावर बसलो. आत पाच तास लागले, मग तिला दुसऱ्या खोलीत नेलं आणि दोन तासांनी घड्याळ पुन्हा तिच्या हातावर बांधलं. एकूण सात तास तुझ्या फोनवर तिच्या नावापुढे काही दिसलं नसेल. मागे साडेतीन तास दिसलं नव्हतं तेव्हा तू चार फोन केले होतेस. या सात तासांत माझ्याजवळचा फोन वाजला नाही. मला ऐकू कमी येतं म्हणून मी तो छातीशी धरला होता, थरथरला तरी कळावं म्हणून.

ऑपरेशन नीट झालं. तिला दुसऱ्या दिवशी शुद्ध आली. बोलायची मनाई होती, तरी तिने आधी मनगट चाचपलं आणि मग मला विचारलं की काट्याचा फोन आला होता का. चाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला घड्याळाबद्दल कधी खोटं सांगितलं नाही. मी हो म्हणालो. किती वेळा, असं तिने बोटांनी विचारलं. चार वेळा, म्हणालो. ती हसली आणि झोपली. नर्सने घड्याळ बघून सांगितलं की सलग सात तास झोपली.

तेव्हा ती घरी आल्यावर कधी तुला विचारलंच, तर चार म्हण. एवढं तरी तुला जमेल.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल. तो सगळा तिच्या नावावर कर.

तुझे,
बाबा